विश्लेषण : मुंबई अवघी २७९ किलोमीटर, मग विमानाला तास का लागतो?

चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी २,८३५ मीटर लांब आहे. जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास या धावपट्टीपेक्षाही आखूड आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यानचे हे विमान २.७ किलोमीटर उडते आणि वेळापत्रकानुसार त्याला दोन मिनिटे लागतात. छत्रपती संभाजीनगरहून मुंबई सरळ रेषेत २७९ किलोमीटर आहे. जेट विमानाच्या वेगाने भागाकार केला तर २१ मिनिटे येतात. तिकिटावर मात्र तास-सव्वा तास छापलेला असतो आणि घरातून निघून मुंबईतील कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत निम्मा दिवस सरतो. समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत खुला झाल्यावर आणि वंदे भारत गाडी शहरात थांबू लागल्यावर विमानाने नेमका किती वेळ वाचतो, हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दोन विमानतळांतील अंतर कसे मोजतात?

विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेचा असतो. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात ही वाट सपाट नकाशावर कमानीसारखी वाकलेली दिसते. दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतरात हा बाक जाणवण्याइतका नसतो. त्यामुळे मुंबईचे अंतर शाळेतल्या भूमितीनेही काढता येते.

चिकलठाणा विमानतळ साधारण १९.८६ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.४० अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबई विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशांतील फरक सुमारे ०.७७ अंश, रेखांशांतील फरक २.५३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही जवळपास १११ किलोमीटर. रेखांशाचे तसे नसते. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. मराठवाड्याच्या पट्ट्यात एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो, ऑर्कनीत तोच अंश जेमतेम ५७ किलोमीटरचा होतो. म्हणजे मुंबई आपल्यापासून २६५ किलोमीटर पश्चिमेला आणि ८६ किलोमीटर दक्षिणेला. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचे सूत्र लावले की २७९ किलोमीटर हा आकडा मिळतो. वैमानिक तो १५० सागरी मैल असा सांगतील, कारण विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलातच मोजले जाते. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हा एक सागरी मैल.

याच पद्धतीने चिकलठाण्यापासून हैदराबादचे शमशाबाद विमानतळ सुमारे ४३२ किलोमीटर, दिल्ली ९८०, नागपूर ४०४ आणि पुणे २१० किलोमीटरवर आहे. हे आकडे कायमचे आहेत. रस्ता नवा झाला, रेल्वेमार्ग दुहेरी झाला, तर जमिनीवरचे अंतर आणि वेळ बदलतात. आकाशातले अंतर बदलत नाही. विमानाच्या प्रवासाचा वेळ मात्र दर तासाला बदलू शकतो, कारण तो या अंतरावर फारसा अवलंबून नसतोच.

गणितात २१ मिनिटे, वेळापत्रकात तास. मधला वेळ जातो कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकातील वेळ हवेतील वेळ नसते. विमान उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर चाकांना पुन्हा ठोकळे लागले की थांबते. वैमानिकांच्या भाषेत याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, नियंत्रण कक्षाच्या परवानगीसाठी थांबणे, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत रांगत जाणे, हे सगळे त्यात येते. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन वळावे लागते. तेवढ्यात पाच-सात मिनिटे जातात आणि त्या काळात दुसरे विमान उतरू शकत नाही.

दुसरी गोष्ट, विमान कमाल वेगाने फार थोडा वेळ उडते. दहा हजार फुटांच्या खाली विमानाने २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. उतरण्याचाही एक ठोकताळा आहे. दर हजार फूट उंची कमी करायला तीन सागरी मैल लागतात. मुंबईचे विमान वीस हजार फुटांवर गेले असे धरले, तर उतरणीलाच साठ सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर हवेत. चढणीला सत्तर-ऐंशी किलोमीटर जातात. राहिले नव्वदेक किलोमीटर, आणि विमान जेमतेम आडवे होऊन उडते ते तेवढ्यातच. चहाचा कप हातात येईपर्यंत पट्टे बांधण्याची सूचना होते ती यामुळे.

म्हणूनच या मार्गावर पंख्याचे एटीआर विमान आणि एअरबससारखे जेट यांच्या वेळेत वाटते तेवढा फरक पडत नाही. एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि जेटचा आठशेच्या पुढे असला, तरी जेटला तो वेग दाखवायला मोकळे आकाश मिळत नाही. फरक आठ-दहा मिनिटांचा. इंधनाचा फरक मात्र मोठा असतो आणि तो एटीआरच्या बाजूने असतो. प्रवाशांना जेट आवडते, कंपनीच्या हिशेबनिसाला छोट्या मार्गावर पंखे आवडतात.

तिसरी गोष्ट दिशेची. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकावर ०९ आणि दुसऱ्या टोकावर २७ असे आकडे रंगवलेले असतात. होकायंत्रावरील ९० आणि २७० अंशांतील शेवटचे शून्य काढले की हे आकडे उरतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा विमान पश्चिमेकडे तोंड करून उडते आणि तसेच मुंबईकडे जाते. मुंबईची मुख्य धावपट्टीही ०९/२७ असल्याने तिकडेही ते पूर्वेकडून जवळपास सरळ येऊन टेकू शकते. वारा उलटा असेल तर उड्डाण जालन्याच्या दिशेने होते आणि मग आकाशात वळसा घेऊन मागे फिरावे लागते. वरच्या हवेतही ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर एटीआरची या अंतरात तीन-चार मिनिटे वाढतात. परतीच्या प्रवासात तेवढीच कमी होतात. जाताना आणि येताना तिकिटावर वेगवेगळे कालावधी दिसण्याचे हेही एक कारण आहे.

ऑर्कनीच्या त्या विमानालाही हाच नियम लागू आहे. तिथे आठ प्रवाशांचे ‘ब्रिटन-नॉर्मन आयलंडर’ हे दोन पंख्यांचे विमान चालते. त्याच्या नेहमीच्या वेगाने २.७ किलोमीटरला चाळीस सेकंद पुरावेत. वेळापत्रकात दोन मिनिटे आहेत, आणि सगळे जुळून आले त्या दिवशीचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे. म्हणजे गणितापेक्षा तिप्पट वेळ तिथेही धरलेला आहे. आपल्याकडे २१ मिनिटांचे ६५ होतात, तिथे चाळीस सेकंदांचे दोन मिनिटे होतात. प्रमाण जवळपास तेच.

मुंबईच्या आकाशात किती वेळ जातो?

संभाजीनगरच्या प्रवाशाचा सर्वांत बेभरवशाचा वेळ इथे जातो. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमाने उतरवता येत नाहीत. व्यवहारात एका धावपट्टीवर गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानांची ये-जा होते. दर ऐंशी सेकंदांनी एक विमान. त्या साखळीत एखादे विमान अडखळले की मागची सगळी आकाशात चकरा मारतात.

हा प्रकार इतका वाढला की फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने गर्दीच्या तासांतील विमानांची संख्या ४६ वरून ४४ आणि इतर वेळची ४४ वरून ४२ करण्याचे आदेश दिले. विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन, म्हणजे त्या वेळच्या दराने १ लाख ८० हजार रुपये जळतात, असाही हिशेब देण्यात आला होता.

दिल्लीहून येणाऱ्याला चाळीस मिनिटांचा उशीर म्हणजे प्रवासात तिसऱ्या हिश्शाची वाढ. संभाजीनगरहून येणाऱ्याला तो प्रवासच जवळपास दुप्पट करतो. छोट्या मार्गावरील प्रवासी उशिराबद्दल जास्त कुरकुरतात, त्याला हा आधार आहे.

या अनिश्चिततेची काळजी कंपन्या वेळापत्रकातच घेतात. खऱ्या वेळेत काही मिनिटांची भर घालून कालावधी छापला जातो. १५ मिनिटांच्या आतला उशीर विमान वाहतुकीत वक्तशीरच धरला जातो. त्यामुळे ‘विमान दहा मिनिटे आधी पोहोचले’ अशी घोषणा झाली तर वैमानिकाचे कौतुक करायला हरकत नाही, पण त्या दहा मिनिटांची तरतूद आधीच केलेली असते.

दिल्ली साडेतीनपट लांब, पण वेळ दुपटीच्या आत कसा?

वर सांगितलेला बहुतेक वेळ, म्हणजे रांगणे, चढणे, उतरणे, वळसे आणि राखीव मिनिटे, अंतर कितीही असले तरी जवळपास तेवढाच लागतो. तो सुमारे पाऊण तास धरता येतो. त्यावरून जेट विमानासाठी एक ढोबळ सूत्र करता येईल. सरळ अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि त्यात ४५ मिनिटे मिळवायची.

मुंबईसाठी २१ अधिक ४५, म्हणजे ६६ मिनिटे. हैदराबादसाठी ३२ अधिक ४५, म्हणजे ७७. दिल्लीसाठी ७४ अधिक ४५, म्हणजे दोन तासांना एक मिनिट कमी. प्रत्यक्ष वेळापत्रकाशी हे पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळते. मुंबईच्या प्रवासात दोन तृतीयांश वेळ हा न बदलणारा भाग आहे, दिल्लीच्या प्रवासात तो जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक. अंतर कमी होत जाते तसा किलोमीटरचा आकडा निरुपयोगी होत जातो.

पैशाचेही असेच आहे. उड्डाण आणि चढण यांतच इंधन सर्वाधिक जळते. उतरण्याचे शुल्क, जमिनीवरील कर्मचारी, विमान रिकामे करून पुन्हा भरणे हा खर्च अंतराप्रमाणे घटत नाही. म्हणून मुंबईचे तिकीट दिल्लीच्या एक तृतीयांश किमतीला मिळत नाही.

मग बेटांवर दोन मिनिटांचे विमान का चालते?

पापा वेस्ट्रे बेटावर शंभरहून कमी लोक राहतात. त्यांना नावेने शेजारच्या बेटावर जाता येते, पण उत्तर समुद्राच्या तोंडावरील त्या भागात हवा बिघडली की नावेचा भरवसा राहत नाही. १९६७ पासून लोगनएअर ही कंपनी ही सेवा चालवते. प्रत्यक्षात ती ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉलहून सुटून बेटे जोडत परत येणाऱ्या फेरीतील एक टप्पा आहे. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि मोठ्या शाळेत जाणारी मुले हे तिचे प्रवासी. तिकिटाच्या पैशात ती भागत नाही, स्थानिक परिषद तिला सार्वजनिक सेवा म्हणून मदत देते. अलीकडे पर्यटकही केवळ त्या दोन मिनिटांसाठी येतात, त्यांना प्रमाणपत्र मिळते.

कॅरिबियन समुद्रातील साबा बेटाचे उदाहरण आणखी टोकाचे आहे. तेथील धावपट्टी जेमतेम ४०० मीटर आहे, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. चिकलठाण्याच्या धावपट्टीत अशा सात धावपट्ट्या बसतील. शेजारच्या सिंट मार्टेनहून पंधरा मिनिटांत लहान विमान तिथे उतरते.

या दोन्ही ठिकाणी विमानाची स्पर्धा समुद्राशी आहे. जिथे जमिनीवरचा पर्याय चांगला आहे, तिथे असे मार्ग टिकत नाहीत. जर्मनी आणि स्वित्झर्लंडदरम्यान कॉन्स्टन्स सरोवरावरून फ्रिडरिशहाफेन ते आल्टनऱ्हाइन असे आठ मिनिटांचे जेट नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाले. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. पर्यावरणवाद्यांनी टीकेची झोड उठवली आणि काही महिन्यांतच, २०१७ च्या वसंतात, ते बंद झाले. सरोवराला वळसा घालून मोटारीने जाता येत होते.

फ्रान्सने मे २०२३ मध्ये काही देशांतर्गत विमानमार्ग कायद्याने बंद केले. तिथे मोजपट्टी किलोमीटरची ठेवली नाही. रेल्वेने अडीच तासांत पोहोचता येत असेल तर विमान नाही, असा निकष लावला आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नाँत, लियाँ व बोर्दोची उड्डाणे थांबली. भारताच्या ‘उडान’ योजनेने २०१६ मध्ये अंतराची अट घातली होती, २०० ते ८०० किलोमीटर. पण डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटांना किमान अंतराची अट नव्हती. बेटावरचे वीस किलोमीटर आणि मैदानातले वीस किलोमीटर सारखे नसतात, हे त्या नियमात मान्य केले होते. या योजनेतील पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्लीबरोबर मराठवाड्यातील नांदेड-हैदराबाद मार्गही होता. तासाभराच्या किंवा साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती.

संभाजीनगरकरांचे विमानाने किती तास वाचतात?

सिडकोतून निघून मुंबईत फोर्ट भागात पोहोचायचे आहे, असे धरू. घर ते चिकलठाणा अर्धा तास. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात, त्यामुळे दीड तास आधी पोहोचणे आलेच. विमानाचा ६५ मिनिटांचा ब्लॉक टाइम. उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढे टॅक्सीने फोर्टपर्यंत सव्वा तास. बेरीज पावणेपाच ते पाच तास. यात हवेतील वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा.

रेल्वेने मुंबईपर्यंतचे अंतर मनमाडमार्गे ३७४ किलोमीटर आहे. सरळ रेषेपेक्षा जवळपास शंभर किलोमीटर जास्त, कारण मार्ग आधी वायव्येला मनमाडपर्यंत जातो आणि मग घाट उतरतो. जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत हे अंतर सहा तासांच्या आसपास कापते. स्थानकावर जाणे-येणे धरून सात तास. ती थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, तिथून फोर्ट चालत जाता येते.

रस्त्याचे चित्र सर्वांत जास्त बदलले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. सावंगी किंवा माळीवाडा येथून आत शिरलेली मोटार आमणेपर्यंत, थोडी विश्रांती धरून, तीन तासांच्या आसपास जाते. पुढे भिवंडी-ठाण्याच्या गर्दीतून फोर्टला दीड ते दोन तास. म्हणजे पुन्हा पाच तासच.

ठाणे, कल्याण किंवा भिवंडीत काम असेल तर मोटार विमानाच्या आधी पोहोचू शकते. अंधेरी, विलेपार्ले, वांद्रे-कुर्ला संकुलात काम असेल तर विमान तास-दीड तासाने पुढे राहते. हातात फक्त छोटी बॅग असेल तर आणखी वीस मिनिटे वाचतात. तीन-चार जण एकत्र जात असतील तर पैशाच्या हिशेबात मोटारीपुढे विमान टिकत नाही. एकटा प्रवासी, विशेषतः ज्येष्ठ नागरिक किंवा उपचारासाठी जाणारा रुग्ण, यांना मात्र पाच तास स्टेअरिंगवर किंवा सीटवर बसणे आणि पाऊण तास हवेत बसणे हे सारखे नाही. घड्याळात ते एकच दिसते.

या शहरासाठी विमानाची किंमत बरीचशी सुटण्याच्या वेळेवर ठरते. सकाळी लवकर जाऊन रात्री परत येता आले, तर शेंद्रा-बिडकीनच्या उद्योजकाचा मुक्काम वाचतो आणि विमानाने पूर्ण दिवस मिळवून दिला असे होते. तेच विमान दुपारी असेल तर अर्धा दिवस जातानाच संपतो, मुक्काम करावा लागतो आणि २७९ किलोमीटरच्या प्रवासाला दोन दिवस लागतात. मार्ग आहे की नाही एवढ्यावर चर्चा थांबते, वेळेचा प्रश्न मागे पडतो.

धावपट्टीच्या लांबीचा यात काय संबंध?

चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत ती आणखी विरळ होते. पंखांना तेवढाच उचल मिळवण्यासाठी जास्त वेग आणि जास्त लांब धाव लागते. धावपट्टी पुरेशी नसेल तर वजन कमी करावे लागते, म्हणजे प्रवासी, माल किंवा इंधन. मुंबईला जाणाऱ्या विमानाला इंधन कमी लागते, त्यामुळे त्याला सध्याची लांबी पुरते. लांब पल्ल्याची मोठी विमाने थेट इथून उडवायची तर जास्त लांबी हवी. धावपट्टी वाढवण्याची मागणी होते ती यासाठी. ती वाढली तरी मुंबईचा वेळ एका मिनिटानेही कमी होणार नाही. पण मुंबईत विमान बदलण्याची गरजच संपली, तर परदेशी जाणाऱ्याचे चार-पाच तास वाचतील.

धावपट्टीचा विषय निघाला की शहराला २६ एप्रिल १९९३ ची आठवण येते. दिल्लीहून जयपूर, उदयपूर असे थांबे घेत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दुपारी मुंबईसाठी निघाले. धावपट्टीच्या टोकाशी जमीन सोडताना ते रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे वीजवाहिन्यांना लागले आणि कोसळले. विमानातील ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत विमान उचलण्यास झालेला उशीर व चुकीची पद्धत आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणे, ही कारणे समोर आली. तेव्हाची धावपट्टी आजच्यापेक्षा बरीच आखूड होती.

मुंबईहून पुढचे विमान पकडायचे असेल तर?

इथे तासाच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांची सर्वाधिक फसगत होते. परदेशी जाणाऱ्या विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. चिकलठाण्याहून येणारे विमान एका टर्मिनलला आणि पुढचे दुसऱ्या टर्मिनलवरून असेल, तर मधले अंतर शहरातील रस्त्याने कापावे लागते. दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात असतील तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी काढली असतील तर ती जबाबदारी सहसा प्रवाशाचीच. आकाशात चाळीस मिनिटे घिरट्या होऊ शकतात हे लक्षात घेऊन उतरणे आणि पुढचे उड्डाण यांत किमान पाच तास ठेवणे शहाणपणाचे, किंवा आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

नवी मुंबई विमानतळाने या गणितात भर घातली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर प्रवासी उड्डाणे सुरू झाली. चिकलठाण्यापासून ते सरळ रेषेत सुमारे २६३ किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा सोळा किलोमीटर जवळ. हवेत हा फरक एका मिनिटाचा. पनवेल, वाशी किंवा पुण्याकडे जाणाऱ्याला जमिनीवर मात्र तो तासाचा फायदा देतो, आणि अंधेरीत काम असलेल्याला तेवढ्याच तासाचा तोटा. तिकीट काढताना दोन्ही ठिकाणांचे नाव ‘मुंबई’ असेच दिसू शकते. त्यामुळे विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहून घ्यावा. जुन्या विमानतळाचा ‘बीओएम’, नव्याचा ‘एनएमआय’. चिकलठाण्याचा संकेत शहराचे नाव बदलल्यानंतरही ‘आयएक्सयू’ असाच आहे.